ओडेलकडचा लाल साप

रिजलँड, साउथ कॅरोलिना
१४ सप्टेंबर

लाडक्या जोनेलला आजीचे पोटभर आशीर्वाद.

बघ केवढी मोठी अक्षरं काढलीत! जाडं काळं मार्कर आणलंय खास. एका पानात जेमतेम चार ओळी मावतात. पोस्टातली बाई म्हणते, "ओझेला, पत्र पाठवतेस की उशी?" मी म्हटलं, "माझी नात भिंगातून वाचते, तू शिक्का मार." शाळा माझी चौथीतच सुटली, तेव्हा चुकलं असेल तिथं हस नि पुढं वाच. फोनचं नाव काढू नको. तुझी आई रविवारी फोनवर ओरडते, मला निम्मं ऐकू येत नाही, मी आपली "हो, हो" म्हणते. मागं असंच "हो" म्हटलं आणि चर्चच्या जेवणाला चाळीस माणसांचा लाल भात माझ्या गळ्यात पडला.

तर मुख्य गोष्ट. तुझी आई रोवेना कबूल झाली! तुला साप मिळणार! काल तिचं पत्र वाचलं आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले, कोंबडी बघत होती. तिची अट तुला ठाऊकच आहे. ती त्याला हात लावणार नाही, झाकण उघडणार नाही, त्या खोलीत मान वर करून बघणारसुद्धा नाही. तिला नावं ठेवू नको हं. सात वर्षांची होती, मक्याच्या कोठारात वरून साप पडला तो थेट गळ्यात. बिचारा मक्या साप, विषाचा थेंब नाही त्याच्यात, तोच जास्त घाबरला असेल. पण क्लीव्हलंडच्या रस्त्यांवर एवढी धुडासारखी बस चालवते, तरी सापाचं चित्र बघून किंचाळते ती अजून.

तू म्हणालीस मांजर नको, मांजर पळतं, नजरेतून निसटतं, मक्या साप हातावर शांत पडून राहतो. शहाणी गं माझी बाय ती.

आता माझं ऐक. तुझे डॉक्टर म्हणाले ना, डोळ्यांच्या या दुखण्यात आधी लाल जातो, त्याच्या मागून बाकीचे रंग, आणि मग बाकीचंही. जोवर लाल दिसतोय तोवर बरंच काही हातात आहे. म्हणून मी ठरवलंय, साप घ्यायचा तो लालभडक. रोज सकाळी उठून आधी त्याच्याकडे बघायचं. रोज दारात येणाऱ्याला घर विसरत नाही, तसं रोज बघितलेलं डोळा सोडत नाही. हे डॉक्टरांना विचारू नको, हे माझं आहे.

शेजारचा ओडेल पिंकनी ठाऊक आहे ना तुला, मागच्या छपरीत साप पाळतो तो? त्याच्याकडे गेले होते. कपाटाला असतात तसे खणच खण, आणि खणाखणात पेन्सिलीएवढी पिल्लं. आईबाप दोघं साधे, आपल्या रानात पत्र्याखाली सापडतात तसले, तपकिरी-नारिंगी. पण अंडी फुटली तर आत चार तऱ्हा! काही साधे, काही लाल, काही राखाडी, एक पांढरा. मी म्हटलं, "ओडेल, सापीण कुठं कुठं फिरून आली म्हणायची?" तर मेला लाजला. म्हणाला, "ओझेला, तसं नाही. सापाच्या कातडीत रंगाच्या दोन कुंड्या असतात, एक काळी, एक लाल. काळी रिकामी असली की लाल उरतो. लाल रिकामी असली की राखाडी. दोन्ही रिकाम्या, तर पांढरा. या आईबापांच्या दोन्ही कुंड्या भरलेल्या दिसतात, पण रिकामी कुंडी त्यांच्या रक्तात लपलेली आहे. दोघांकडून ती आली की पिल्लात उघडी पडते." मला मोठी गंमत वाटली. आमच्या लॉनीच्या केसांचा रंग असाच कुठून आला होता कुणास ठाऊक. माझा थोरला भाऊ लॉनी, तू नाही बघितलास. त्याला ऊन सोसायचं नाही, चर्चमध्येसुद्धा टोपी काढायचा नाही, पाद्री चिडायचा.

टोमॅटो संपले. उन्हाळ्यात तू टोपलीभर कच्चे तोडून आणलेस, पिकलेले वेलीवर तसेच ठेवून, ते आठवून मी अजून हसते. तळून खाल्ले म्हणून बरं.

तुझी आजी
ओझेला


क्लीव्हलंड
२५ सप्टेंबर

प्रिय आजी,

तुझं पत्र उशीच होतं! सगळं वाचलं, भिंग लावून. दोन दिवस लागले, पण वाचलं.

कच्चे टोमॅटो मी मुद्दाम तोडले होते. मला तळलेले आवडतात म्हणून. तुला कळलं नाही का?

ओडेलकाकांना थँक्यू सांग. पण आजी, निवडायचा मला आहे ना, मग मला नीट लिही. लाल म्हणजे कसा लाल, कशासारखा? राखाडी कशासारखा, पांढरा कशासारखा? डोळे कसे, पोट कसं? सगळं लिही. तू लिहिलंस की मला दिसतं.

शाळेत मला पहिल्या बाकावर बसवलंय आणि काळा चष्मा लावायची परवानगी आहे. डेस्मंड मला "सिनेमातली बाई" म्हणतो. मी त्याला म्हटलं, "मग सही घे."

एक विचारू? साध्या आईबापांच्या रक्तात लपलेलं असतं आणि पिल्लात उघडं पडतं, तर माझ्या डोळ्यांचं कुणाच्या रक्तात लपलं होतं? आईला विचारलं तर ती म्हणाली, असं विचारू नये, आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

तुझी
जोनेल


रिजलँड
९ ऑक्टोबर

लाडक्या जोनेल,

आशीर्वाद. आज शेंगा उकडायला ठेवल्यात, त्यामुळे मध्येच उठून जाईन, पत्रावर मिठाचा डाग दिसला तर तो शेंगांचा समज.

मुद्दाम तोडले होतेस होय! लबाड कुठली. आणि मी सगळ्या चर्चला सांगत सुटले होते.

तर आता रंग. ओडेलनं दारात खुर्ची टाकून दिली आणि एकेक पिल्लू माझ्या पदरात, म्हणजे एप्रनमध्ये सोडलं. म्हणाला, "बघ बाई, सावकाश बघ." साधं पिल्लू म्हणजे वाळलेल्या पाइनच्या पानांत गंजका खिळा पडावा तसं. राखाडी म्हणजे पावसानं भिजलेली शाळेची पाटी, तिच्यावर कोळशानं ठिगळं काढलेली, आणि डोळे काळेभोर. पांढरं म्हणजे साय, आतून गुलाबी. एक आणखी होतं, दुसऱ्या जोडीचं, चिखलासारखं. मी नाक मुरडलं तर ओडेल हसला. "याला आज बघू नकोस. तीन वर्षांनी बघ, मधासारखं होईल. साप घेताना लोक पिल्लाचा रंग बघतात आणि फसतात. रंग मागून येतात, काही मागून जातात. राखाडीच्यासुद्धा गळ्याखाली मोठेपणी पिवळं उतरतं. घेणाऱ्यानं आधी विचारावं, जेवतो का?"

मी म्हटलं, "तीन वर्षं कुणाकडे आहेत ओडेल? मला आज लाल पाहिजे."

मग त्यानं लाल काढला. जोनेल, काय सांगू! चुलीतला निखारा फुंकला की कसा फुलतो, तसा. पाठीवरचे डाग पिकल्या कलिंगडाच्या गरासारखे. पोटावर पांढऱ्यात नारिंगी चौकड्या, जसं रंगीत मक्याचं कणीस. आणि डोळेसुद्धा लाल, साखरेच्या लाल गोळीसारखे! मी म्हटलं, "हाच, माझ्या नातीला हाच." ओडेल म्हणाला, "हा जेवायला जरा हट्टी आहे. उंदराचं पिल्लू दिलं की तोंड फिरवतो." मी म्हटलं, "माझी रोवेनाही तशीच होती, आता बघ कशी झालीय." त्याचा नियम आहे, ओळीनं नीट जेवल्याशिवाय पिल्लू घराबाहेर पाठवायचं नाही. आणि थंडी पडायच्या आत पाठवायचं, नाहीतर रात्रीच्या पार्सलगाडीत ते गारठतं. तेव्हा त्याला खायला घालणं चालू आहे. मी रोज जाऊन विचारते. तो म्हणतो, "ओझेला, तू साप बघायला येतेस की मला?" थोबाड बघ म्हणावं आरशात.

तू विचारलंस ते. ते देवाला विचारायचं असतं बाळा. शेंगा उतू चालल्या.

तुझी आजी
ओझेला


क्लीव्हलंड
बुधवार, ५ नोव्हेंबर

प्रिय आजी,

आला! आला! आला!

सकाळी दारात खोका आला. आई जिन्यावर उभी राहिली, तोंड भिंतीकडे करून, आणि म्हणाली, "डबा बंद झाला की सांग." मी एकटीनं उघडलं. आत कापडी पिशवी, पिशवीत गोल डबा, डब्यात ओल्या कागदात गुंडाळलेला तो. जीभ काढून माझा अंगठा हुंगला.

आजी, काय सुंदर आहे! तू लिहिलंस अगदी तसाच. फुंकलेल्या निखाऱ्यासारखा. पाठीवर कलिंगडासारखे डाग आहेत. पोटावर मक्याच्या चौकड्या, पांढऱ्यात नारिंगी. आणि डोळे साखरेच्या लाल गोळीसारखे! इतका लाल आहे की खोलीत दुसरं काही दिसतच नाही.

मी त्याचं नाव निखारा ठेवलं. आईला सांगितलं, "आई, केवढा लाल आहे!" ती भिंतीकडे तोंड करूनच रडली. आनंदानं. म्हणाली, "खरंच दिसतो ना गं? नीट दिसतो?" मी म्हटलं, "तुझ्या बसच्या मागच्या दिव्यांपेक्षा जास्त." संध्याकाळी तिनं केक आणला.

तू माझ्यासाठी अगदी बरोबर निवडलास.

तुझी
जोनेल


रिजलँड
बुधवार, ५ नोव्हेंबर

लाडक्या जोनेल,

खोका पोचला असेल आणि तू माझ्यावर रागावली असशील, म्हणून घाईनं लिहितेय.

आत्ता ओडेल येऊन गेला, टोपी हातात धरून. मी म्हटलं, कुणी गेलं की काय. म्हणाला, "ओझेला, तुझा लाल मी पाठवला नाही." काय झालं, की लालनं तीनदा नीट खाल्लं, आणि काल खोका बांधायच्या आधी सगळं ओकला. ओकलेलं पिल्लू प्रवासाला घालायचं नसतं, मरतंच. आणि उद्यापासून तुमच्याकडे बर्फ सांगितलाय, मग वसंतापर्यंत पार्सल घेणार नाहीत. म्हणून त्यानं त्याचा भाऊ घातला, एकाच सापिणीचा. राखाडी. पाटीसारखा, ते मी लिहिलं होतं ना, तो. मला विचारायला आला होता म्हणे, मी कोबीच्या मळ्यात होते, हाक ऐकू आली नाही. माझे हे मेले कान!

मी त्याला खूप बोलले. तो म्हणाला, "बाई, पण हा खातो. घोड्यासारखा खातो."

तू खोका उघडून किती हिरमुसली असशील! लाल म्हणून सांगितलं आणि आत हा काळा-पांढरा, जुन्या फोटोतला. पण लाल आहे अजून इथं. बरा झाला की वसंतात पाठवू आणि अदलाबदल करू. तोवर तुझ्या आईला लाल सफरचंदं आणायला सांग, खिडकीत ठेव, रोज बघ. बघायचं सोडू नको.

तुझी आजी
ओझेला


रिजलँड
शनिवार, ८ नोव्हेंबर

लाडक्या जोनेल,

आज तुझं पत्र आलं. निखारा नाव छान आहे.

माझं बुधवारचं पत्र तुला आजच मिळालं असेल. ते फाडून टाक. ओडेल म्हातारा झाला गं. खोक्यात काय घातलं ते त्याचं त्याला आठवत नाही. आज मी छपरीत गेले, म्हटलं, "ओडेल, तू लालच पाठवलास बघ, जोनेलनं लिहिलंय." तो कपाळाला हात लावून म्हणाला, "हो की गं ओझेला, लालच पाठवला मी!" त्या दिवशी चष्मा लावला नव्हता त्यानं. खूप हसलो आम्ही.

तेव्हा तुझ्याकडे आहे तो लालच आहे. तुला दिसतो तसाच.

कोंबडी अंडी घालत नाही आजकाल. चर्चमध्ये नवीन पेटी आली, मला काही तिचा आवाज ऐकू येत नाही, पण बाकीचे चांगली आहे म्हणतात आणि मीही मान हलवते. ओसरीच्या छताला परत निळा रंग दिला, तू उन्हाळ्यात म्हणाली होतीस ना, किती निळं आहे म्हणून. आणखी काय लिहू. गोड बटाटे निघाले. चांगले निघाले.

आजी


क्लीव्हलंड
१७ नोव्हेंबर

प्रिय आजी,

हे आई लिहितेय, मी सांगतेय. अक्षर तिचं आहे.

ओडेलकाकांना म्हातारं म्हणू नकोस. साप राखाडीच आहे.

शनिवारी तुझं बुधवारचं पत्र आलं ते आईनं उघडलं. ती नेहमी मला देते, पण मी झोपले होते. वाचून ती माझ्या खोलीत आली आणि मी उठले तर ती झाकण उघडून उभी होती. हातात निखारा होता. तिच्या हातात, आजी. तो तिच्या मनगटाला घट्ट विळखा घालून बसला होता. ती म्हणाली, "जोनेल, हा कुठल्या रंगाचा आहे?" मी म्हटलं, "लाल." मग ती खाली बसली. त्याला तसाच धरून.

मला लाल दिसत नाही. ईस्टरपासून नाही. आधी काळपट झाला, मग गेला. आता निळाही नाही. तुझ्या ओसरीला मी निळी म्हटलं कारण मला माहीत होतं ती निळी आहे. टोमॅटो मला दोन्ही सारखेच दिसले होते. डॉक्टरांच्या ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे मी पाठ केले होते, ते नेहमी त्याच क्रमानं पानं उलटतात. मी सांगितलं नाही कारण सगळे म्हणायचे, लाल आहे तोवर ठीक आहे. मग मी ठरवलं, लाल आहे.

खोका उघडला तेव्हा मला वाटलं मी फसवतेय हे त्याला तरी कळेल. त्यानं अंगठाच हुंगला फक्त.

गुरुवारी डॉक्टरांकडे गेलो. या वेळी दुसरं पुस्तक होतं. ते माझ्याशी कमी आणि आईशी जास्त बोलले. काही औषध नाही. मी तुझं मागचं पत्र भिंगातून वाचायचा प्रयत्न केला, पण मधला भाग आता येत नाही, फक्त कडा येतात. म्हणून आईनं वाचून दाखवलं. ओडेलकाका हसले ते वाचताना ती थांबली.

वसंतात लाल पाठवू नकोस. नाव निखाराच राहू दे.

जोनेल

आई, मी रोवेना. तिनं मला केक खायला लावला गं, लाल दिसतो म्हणून. मी दोन तुकडे खाल्ले.


रिजलँड
२ डिसेंबर

लाडक्या जोनेल, आणि रोवेना, तूही, वाचतेच आहेस तर.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसत होते. ओडेल माझ्यासाठी खोटं बोलला नाही. तो हसलाही नाही. मी त्याला जाऊन विचारलं, "नक्की राखाडी घातलास?" तेव्हा तो इतका रागावला, "ओझेला, चाळीस वर्षं साप बघतोय, लाल आणि राखाडी कळत नाही मला?" मग मी तुझं पत्र त्याच्यापुढं धरलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि कितीतरी वेळ नुसते खण उघडत-मिटत राहिला.

लाल पिल्लू गेलं. मागच्या आठवड्यात. परत खाल्लंच नाही त्यानं. लपवायचं होतं मला, पण आता आपण सगळ्यांनी खूप लपवलं.

तू विचारलं होतंस, कुणाच्या रक्तात लपलं होतं. लॉनीच्या नाही, त्याचं तर उघडंच होतं. आम्हीच बघितलं नाही. चर्चचं दार हिरवं रंगवायला सांगितलं होतं, त्यानं विटकरी रंगवलं, सगळं गाव हसलं, मीही हसले. तो म्हणाला, "मुद्दाम रंगवलं." अगदी तुझ्यासारखं. पुढं त्याला काठी लागली, मग तो घराबाहेर पडेना. म्हातारा होऊन गेला असं आम्ही म्हणायचो. पन्नाशीचाही नव्हता. मग माझ्यातून रोवेनात, आणि तुझ्या बापाच्या घरूनही तसंच काही आलं असणार. कुणी कुणाला दिलं नाही गं. कुणाला ठाऊकच नव्हतं.

तुला खोटं सांगणार नाही की ठीक होईल. रोज बघितलेलं डोळा सोडत नाही, हे मी उगाच बनवलेलं होतं. देवापाशी भांडून झालं, त्यालाही माझ्यासारखं निम्मंच ऐकू येतं बहुतेक.

ओडेल म्हणतो, निखारा चांगला खात असेल तर वीस वर्षं जगेल. मी नसेन. तीन वर्षांनी त्याच्या गळ्याखाली पिवळं उतरेल, तुला ते दिसणार नाही. रोवेना, तू बघ. उतरलं की तिला सांग, कुठल्या पिवळ्यासारखं ते. मक्यासारखं, की लोण्यासारखं. नीट बघून सांग. ती सांगितलेलं विसरत नाही.

मार्कर ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. पोस्टातल्या बाईनं पाकीट हातात घेऊन विचारलं, "आज एवढंसंच?" मोठी अक्षरं काढायची गरज नाही ना आता, रोवेनाला बारीक वाचता येतं. सगळं एका पानात मावलं.

आजी